लोखंडाची चोच

मराठी भाषेत 'गाठ' या शब्दाइतका राबणारा शब्द दुसरा क्वचितच सापडेल. लग्नात ती वधूवरांच्या उपरण्या-शेल्याला पडते, विसरू नये म्हणून पदराला मारली जाते, आणि गुढीपाडव्याला साखरेची होऊन मुलांच्या गळ्यात येते. रागावलेला माणूस 'गाठ माझ्याशी आहे' असे बजावतो, आणि मायेने भेटायला आलेला पाहुणाही आपली गाठच घेतो. व्यापाऱ्याच्या तोंडी तर गाठ म्हणजे सारा बांधलेला गठ्ठा. रुईची गाठ म्हटली की 170 किलो कापूस घट्ट दाबून पट्ट्यांनी आवळलेला, असा अर्थ आपल्याकडे ठरूनच गेला आहे. बांधणारा वेढा आणि बांधला गेलेला माल या दोन्हींना एकच नाव देण्यात भाषेने मोठे शहाणपण दाखविले आहे. शेतात पडलेला मोकळा ढीग मोजता येत नाही, वाहता येत नाही, वाऱ्यापावसापासून राखता येत नाही. त्याला गाठ पडली की तो माल होतो.

ही गाठ शेतात कोणी मारायची, माणसाने की यंत्राने, या प्रश्नापायी गेल्या दोन शतकांत फार मोठ्या उलाढाली झाल्या आहेत. आगगाडीचा इतिहास आपण शाळेत वाचतो, छापखान्याचा वाचतो, पण सुतळीला गाठ मारणाऱ्या यंत्राचा इतिहास कोणी सांगत नाही. तो सांगावा असे मला मुळशीत वाटले, आणि दिवाळीच्या अंकाइतके त्याला योग्य स्थळ नाही, कारण मुळशीत भाताची कापणी आणि दिवाळी या दोन्ही एकाच सुमारास दाराशी येतात.

मुळशी हा पुण्याच्या पश्चिमेचा, सह्याद्रीला टेकलेला भाग. पिरंगुट, पौड ओलांडून ताम्हिणीकडे निघाले की पाऊस वाढत जातो आणि खाचरे लहान होत जातात. इथले मुख्य पीक भात. नावाजलेला आंबेमोहर इथलाच. त्याचे रोप उंच, काडी लांब. आश्विन सरता सरता विळे निघतात. कापलेल्या भाताची मूठ-मूठ पसरून ठेवायची, ऊन खाऊ द्यायचे, मग पेंढ्या बांधायच्या. आणि पेंढी बांधायला दोरी लागत नाही. मूठभर काड्या घ्यायच्या, त्यांना पीळ द्यायचा, तो पेंढीभोवती फिरवायचा, दोन्ही टोके एकमेकांत पिळून आत खोचायची, की झाला बंद. ही खरे म्हटले तर गाठ नव्हेच. काडीचा खरखरीतपणा आणि दिलेला पीळ यांच्या जोरावर ती टिकते. बहुधा बाईमाणसेच हे काम करतात, आणि हात इतके सरावलेले असतात की बोलणे चालू, नजर मुलाकडे, आणि पेंढी बांधून बाजूला.

वाचकांना मौज वाटेल, पण हाच बंद सारे जग बांधत होते. इंग्लंडातला गव्हाचा शेतकरी असाच गव्हाच्या काड्यांचा पीळ करी आणि अमेरिकेत जाऊन वसलेला त्याचा भाऊही तेच करी. सायरस मॅकॉर्मिक याने 1831 साली व्हर्जिनियात घोड्यांनी ओढायचे कापणीयंत्र चालवून दाखविले आणि 1834 साली त्याचे पेटंट घेतले, तेव्हा विळ्याचा जमाना संपला असा गाजावाजा झाला. पण कापणी वेगाने झाली तरी पेंढ्या बांधायला यंत्रामागून पाच-सहा माणसे वाकून धावतच होती. कापणाऱ्याचे श्रम वाचले, ते बांधणाऱ्याच्या कमरेवर आले. पुढे 1858 साली इलिनॉय प्रांतातल्या मार्श बंधूंनी यंत्रालाच एक फळी जोडली आणि बांधणाऱ्या माणसांना तिच्यावर उभे केले. धावणे थांबले, वाकणे कमी झाले, पण गाठ हाताचीच राहिली.

कोणालाही वाटेल की यात काय अवघड आहे? आपण बुटाची नाडी बांधतो तेव्हा विचारसुद्धा करीत नाही. पण जे काम हात विचार न करता करतात, तेच यंत्राला शिकविणे सर्वांत कठीण असते. गाठ मारताना एक हात दोरी धरून ठेवतो, दुसरा वेढा घालतो, बोट वेढ्यातून आत जाते, टोक पकडते, बाहेर ओढते, आणि नेमक्या क्षणी पहिला हात सोडतो. धरणे, फिरविणे, पकडणे, ओढणे आणि सोडणे अशा या पाच क्रिया. त्यांतली एकही अर्ध्या क्षणाने मागेपुढे झाली, तर हातात नुसती दोरी उरते.

म्हणून पहिल्या शोधकांनी गाठीची वाट सोडून तारेची वाट धरली. तारेला गाठ लागत नाही. दोन टोके एकत्र करून पीळ दिला की ती तशीच राहते. 1870 नंतरच्या दशकात अमेरिकेत तारेने पेंढ्या बांधणारी यंत्रे आली आणि झपाट्याने खपली. थोड्याच हंगामांत तक्रारी सुरू झाल्या. पेंढी सोडताना तारेचे तुकडे पेंढ्यात राहत. पिठाच्या गिरणीत ते सापडत, आणि त्याहून वाईट म्हणजे गव्हाणीत सापडत. गाय चारा निवडून खात नाही. ती भराभर गिळते आणि मग निवांत रवंथ करते. गिळलेले लोखंड तिच्या दुसऱ्या पोटात जाऊन बसते. त्या पोटाच्या अगदी पुढे हृदय असते. तारेचा तुकडा आतून टोचत टोचत पुढे सरकला की जनावर खाणे सोडते, पाठ कमानीसारखी करून उभे राहते, आणि पुष्कळदा मरते. पुढच्या काळात या दुखण्यावर परदेशी पशुवैद्यांनी एक अजब तोड काढली. ते गाईला गुळगुळीत लोहचुंबकाची कांडी गिळायला लावतात. ती जन्मभर तिच्या पोटात राहते आणि तारा, खिळे स्वतःला चिकटवून धरते. पण ते पुढचे. त्या काळचा शेतकरी एवढेच म्हणू लागला की तार नको, सुतळी आणा. आणि सुतळी म्हटली की गाठ आली.

या गाठीचे कोडे ज्याने सोडविले तो जॉन ॲपलबी 1840 साली न्यूयॉर्क राज्यात जन्मला आणि विस्कॉन्सिनमध्ये शेतात मजुरी करीत वाढला. मार्श बंधूंनी फळी लावली त्याच 1858 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने चाकूने लाकूड कोरून गाठ मारणाऱ्या अवजाराचा नमुना केला. त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. मग यादवी युद्ध आले, ॲपलबी शिपाई झाला, आणि गाठ बाजूला पडली. मध्यंतरी 1864 साली इलिनॉय प्रांतातल्या रॉकफर्ड गावच्या जेकब बेहेल याने पक्ष्याच्या चोचीसारखा, गरगर फिरणारा लोखंडी आकडा काढला. गाठीचा जीव या चोचीत आहे. ॲपलबी तारेच्या यंत्रांवर काही वर्षे घालवून पुन्हा सुतळीकडे वळला आणि 1878–79 च्या सुमारास त्याचे सुतळीचे यंत्र पेटंटासह उभे राहिले. विल्यम डिअरिंग नावाच्या कारखानदाराने ते उचलले. तारेची यंत्रे जोरात खपत असताना त्याने आपला पैसा सुतळीवर लावला आणि 1880 च्या हंगामासाठी 3,000 यंत्रे बाजारात आणली. शेजारी हसले असतील. पण पुढच्याच वर्षी मॅकॉर्मिकचा कारखानाही सुतळीकडे वळला, आणि काही वर्षांत तारेचे यंत्र अडगळीत गेले.

ही चोच काम कशी करते, हे सांगण्यासाठी मी वाचकांना घरातल्या शिवणयंत्राकडे नेतो. शिवणयंत्रात वरून सुई धागा घेऊन येते, खालचा आकडा नेमक्या वेळी तो धागा पकडतो, आणि टाका पडतो. सुई आणि आकडा यांची वेळ चुकली की टाके सुटतात. मग घरातली मोठी माणसे म्हणतात, 'यंत्राचं टायमिंग गेलंय.' गवत-पेंढ्याच्या गाठी बांधणाऱ्या यंत्रात हाच खेळ उलटा आणि अवाढव्य आहे. सुई खालून येते, ती हाताएवढी लांब आणि कोयत्यासारखी वाकडी असते, आणि तिच्या नेढ्यात शिवणाचा दोरा नसून सुतळी असते.

सुतळीचे पहिले टोक वरच्या बाजूला एका खाचा पाडलेल्या चकतीत घट्ट धरून ठेवलेले असते. हा यंत्राचा डावा हात समजा. पेंढा आत येतो, एक जड ठोकळा मागेपुढे होत त्याला ठोकून दाबतो, आणि गठ्ठा जसजसा लांब होतो तसतशी सुतळी त्याच्याभोवती ओढली जाते. गठ्ठा ठरलेल्या लांबीचा झाला की कळ सुटते. ठोकळा पेंढा दाबून धरतो त्याच क्षणी त्याच्या खाचेतून सुई वर झेपावते आणि सुतळीचा दुसरा पदर चोचीवरून नेऊन चकतीच्या पुढच्या खाचेत ठेवते. आता दोन्ही पदर चोचीवर शेजारी शेजारी पडले. चोच स्वतःभोवती एक पूर्ण फेरा घेते, त्याबरोबर पदरांचा वेढा तिच्यावर चढतो. फेरा संपताना चोच उघडते, दोन्ही पदर तोंडात घेते आणि मिटते. पाते सरकते आणि चकतीच्या बाजूने सुतळी कापते. मग एक लोखंडी हात चोचीवरून वेढा पुसल्यासारखा ढकलतो. वेढा घसरून खाली येतो, टोके चोचीच्या तोंडातच असतात, म्हणून ती वेढ्यातून ओढली जातात, आणि दोन्ही पदरांची मिळून एक निरगाठ पडते. सुई खाली जाताना नवा पदर मागे ठेवून जाते, तो चकतीत धरलेला असतोच. त्यामुळे एका गठ्ठ्याची अखेर हीच पुढच्या गठ्ठ्याची सुरुवात होते. हे सारे तुमची पापणी एकदोनदा लवेपर्यंत संपते.

ॲपलबीच्या काळी ही गाठ कापलेल्या गव्हाच्या पेंढीला पडत होती. गवत दाबून चौकोनी गाठी करणाऱ्या यंत्रावर मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे दोन माणसे बसत आणि धूळ खात हाताने तारा ओवीत. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यातला एडविन नोल्ट या मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्याने 1930 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात शेतातले गवत उचलणारे, दाबणारे आणि स्वतःच सुतळी बांधणारे यंत्र जुळविले. 1940 पासून न्यू हॉलंड गावच्या कारखान्याने ते काढायला आरंभ केला. त्यातही गाठ मारायला तीच चोच होती. आजही शेतात धावणाऱ्या या जातीच्या यंत्रांत बेहेल-ॲपलबींची कल्पना जवळजवळ तशीच आहे. दीडशे वर्षांत घोड्यांचा ट्रॅक्टर झाला, पण चोचीला पर्याय निघाला नाही.

इथवरची कथा बुद्धीच्या विजयाची झाली. पण यंत्राला गाठ येऊ लागली की त्याला सुतळी लागते, आणि लाखो एकरांच्या कापणीला लागणारी सुतळी कोणाच्या तरी जमिनीत पिकावी लागते. तिचा मोठा वाटा मेक्सिकोतल्या युकातान प्रांतातून येऊ लागला. तिथे हेनेकेन नावाचे घायपात होते. आपल्याकडे बांधावर कुंपणाला लावतात त्याच कुळातले हे काटेरी झाड. ज्या बंदरातून त्याचा वाख बाहेर जाई त्याचे नाव सिसाल, आणि त्यावरूनच सिसालची दोरी हे नाव जगभर रूढ झाले. 1902 साली मॅकॉर्मिक, डिअरिंग आणि आणखी काही कारखाने एकत्र होऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर ही प्रचंड कंपनी झाली. त्याच वर्षी तिने युकातानमधला बडा व्यापारी ओलेगारियो मोलिना याच्याशी वाखाचा भाव खाली ठेवण्याचा गुप्त करार केला. मोलिना हा त्या प्रांताचा गव्हर्नरही होता. तिथल्या मळ्यांवर माया लोक राबत होते. मालकाचे कर्ज डोक्यावर, ते फिटेपर्यंत मळा सोडायचा नाही, आणि कर्ज कधी फिटायचे नाही. वेठबिगारी आणि सावकारी जिने पाहिली आहे त्या आपल्या भूमीला हे समजावून सांगायला नको. उत्तरेकडे सरकारशी झुंजणाऱ्या याकी लोकांनाही धरून याच मळ्यांवर पाठविले गेले आणि त्यांतले असंख्य तिथेच मेले. गव्हाच्या प्रदेशातल्या शेतकऱ्यालाही सुतळीचा भाव जाचत होता. मिनेसोटा राज्याने तर 1890 नंतरच्या दशकात स्टिलवॉटरच्या तुरुंगात कैद्यांकडून सुतळी वळवून ती शेतकऱ्यांना स्वस्तात विकली. म्हणजे एका टोकाला कर्जाने बांधलेला मजूर, दुसऱ्या टोकाला बेड्यांतला कैदी, आणि मधोमध विनाहाताची गाठ मारणारे चतुर यंत्र! हाताने गाठ मारण्याचे श्रम वाचले हे खरे. पण त्या श्रमांचा काही भाग समुद्रापलीकडे दुसऱ्याच्या अंगावर गेला, हेही तितकेच खरे.

मुळशीला हे वेगळ्या रीतीने ठाऊक आहे. मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज हवी होती. सह्याद्रीवर पडणारे पाणी अडवून ते कोकणच्या बाजूला खाली सोडले तर वीज होते. 1919 साली टाटांची वीज कंपनी उभी राहिली आणि मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरणाची आखणी झाली. बुडणार होती ती खोऱ्यातली तळची, गाळाची भातखाचरे. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रहाला आरंभ केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे आदी मंडळी पुढे होती. 'सेनापती' ही पदवी बापटांना याच लढ्याने दिली. बायका मोठ्या संख्येने कामाच्या जागी जाऊन बसल्या आणि तुरुंगातही गेल्या. 1924 च्या अखेरीस लढा मोडला, धरण बांधून झाले, आणि 1927 साली भिऱ्याचे वीजघर चालू झाले. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्यांतली चाके फिरली आणि वऱ्हाड-खानदेशातून आलेल्या कापसाच्या गाठी फुटून त्यांचे सूत झाले. ज्या बायकांच्या हातांनी आंबेमोहराच्या पेंढीला बंद पडत होता, त्यांची खाचरे तेवढी पाण्याखाली राहिली. जगातल्या पहिल्या धरणविरोधी लढ्यांत मुळशीचा मान आज अभ्यासक देतात. मान मिळाला, तरी पाणी उतरले नाही.

उरलेल्या मुळशीत भात अजून पिकतो. पण पिकाचे रूप पालटले. आंबेमोहराच्या शेजारी वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी आला. त्याला दाणा भरपूर आणि आंबेमोहराचा वास थोडा वारशाने आलेला. पण उंची बेताची. आखूड काडीचा बंद लांब काडीइतका छान वळत नाही. त्यात पुणे शहर पौडपर्यंत सरकले. कापणीला माणूस मिळेना, घरातली तरुण मुले हिंजवडीच्या वाटेला लागली. दुसरीकडे शहराभोवतालच्या गोठ्यांना वैरण हवीच असते. तेव्हा सपाटीच्या शेतांत आता ट्रॅक्टरमागे पेंढा बांधणारे यंत्र दिसते. माझ्या एका शेतकरी स्नेह्याने असेच एक जुने, दुसऱ्याने वापरून टाकलेले यंत्र आणले. पावसाळाभर ते पडवीत उभे होते. भात झोडून झाल्यावर शेतात उतरविले, तर चार गाठींतल्या तीन बाहेर पडताच फुटू लागल्या.

शेजारच्या गावातून एक वयस्क मिस्त्री आले. आयुष्यभर पाण्याचे पंप आणि शिवणयंत्रे दुरुस्त केलेला माणूस. यंत्राभोवती आम्ही चौघेजण आपापली मते मांडीत होतो. कोणी म्हणे पाते बोथट झाले, कोणी म्हणे सुतळीच हलकी. मिस्त्रींनी ट्रॅक्टर बंद करायला लावला, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि मगच बोलले, "गुरुजी, यंत्राकडं मागनं बघू. आधी तुटलेली सुतळी गोळा करा."

त्या माणसाने सुतळीची टोके अशी वाचली की वैद्याने नाडी पाहावी. प्रत्येक गठ्ठ्याला दोन सुतळ्या असतात, म्हणून यंत्रावर चोचीही दोन. उजव्या बाजूच्या सगळ्या गाठी नीट होत्या. डाव्या बाजूच्या सुतळीचे एक टोक गाठ पडलेले आणि दुसरे टोक सरळ, स्वच्छ होते. मिस्त्री म्हणाले, "चोच फिरतीय, पातं कापतंय, सगळं झकास हाय. पण तिला दुसरा पदर मिळालाच न्हाई. एकाच पदराला गाठ मारून बसली बिचारी." म्हणजे दोष चोचीचा नव्हता, सुईचा होता. त्यांनी जड चाक हाताने, अगदी सावकाश फिरवायला सांगितले आणि स्वतः वाकून पाहत राहिले. डावी सुई वर आली खरी, पण सुतळी खाचेत न पडता बाजूने निसटत होती. सुईच्या बुडाचा बोल्ट ढिला होऊन ती बोटभर बाहेर कलली होती. उजवीकडचे अंतर मापून डावी तशीच बसविली. त्याच फेरीत त्यांनी ठोकळा आणि सुई यांची वेळही पाहून घेतली. साखळीचा एक दात जरी सरकला तर परत येणारा ठोकळा सुईवर आदळतो आणि सुई तुटते. म्हणून सुई खाचेत शिरताना ठोकळा कुठे आहे हे दर हंगामाआधी पाहावेच लागते.

यंत्र पुन्हा सुरू झाले. वीस-पंचवीस गाठी उत्तम निघाल्या आणि मग एक फुटली. आता दोन्ही टोके मोकळी, पण शेंड्यांना कुरळा पीळ. मिस्त्रींना आनंद झालेला दिसला. टोकाला पीळ आहे, म्हणजे वेढा पडला होता. चोचीने टोके तोंडात घेतली, पण गाठ आवळण्याआधीच ती निसटली. पकड सैल होती. त्यांनी चोचीच्या जिभेवरची स्प्रिंग थोडी आवळली. तर पुढच्या गठ्ठ्याला चोच टोके सोडीनाच. गाठ तिच्यावर लोंबकळत राहिली आणि गठ्ठा पुढे सरकताच सुतळी तटकन तुटली. मग स्प्रिंग पाव फेरा मागे घेतली. चोचीवर पावसाळ्याचा गंज चढला होता, तो बारीक पॉलिशपेपरने घासून ती आरशासारखी केली, आणि वेढा पुसणारा हात चोचीला नेमका घासून जातो की नाही ते पाहिले. चकतीची पकडही तशीच हलक्या हाताने जुळविली. ती फार घट्ट असेल तर सुतळीचे टोक चिरडून पिंजते, फार सैल असेल तर गठ्ठा भरतानाच टोक निघून येते.

काम संपल्यावर चहा पिताना ते म्हणाले, "गाठ मारायला कुनीबी शिकतंय, गुरुजी. कवा धरायचं आन् कवा सोडायचं, तेवढंच अवघड." लग्नगाठीपासून राज्यकारभारापर्यंत हे वाक्य कुठेही लागू पडेल, पण त्यांना ते फक्त स्प्रिंगेबद्दल म्हणायचे होते, आणि तेवढ्यापुरतेही ते पूर्ण खरे होते.

माझे लक्ष मात्र सुतळीकडे होते. ती वाखाची नव्हती. निळसर, गुळगुळीत, प्लॅस्टिकची होती. ती स्वस्त असते, कुजत नाही, उंदीर सहसा कुरतडत नाहीत, आणि आता बहुतेक ठिकाणी हीच वापरतात. युकातानच्या मळ्यांचे राज्य कधीच संपले. त्याचे कोणाला दुःख असायचे कारण नाही. पण प्लॅस्टिकची सुतळी कुजत नाही हा जो तिचा गुण, तोच गव्हाणीत दोष होतो. वाखाचा तुकडा गाईच्या पोटात गेला तर सहसा जिरून जातो. प्लॅस्टिकचा तुकडा जिरत नाही; तो इतर तुकड्यांशी गुंतून पोटात गोळा धरतो, आणि जनावर भरल्या पोटी उपाशी राहते. दीडशे वर्षांपूर्वी शेतकऱ्याने तार नाकारली ती गाईपायी, आणि त्या नकारातूनच ॲपलबीची गाठ जन्माला आली. आज त्याच गाठीच्या तोंडात आपण तारेची नवी बहीण देऊन बसलो आहोत.

यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. ते आले, ते राहणार, आणि वाकून वाकून कंबर मोडलेल्या बाईला ते सुखाचेच आहे. पण यंत्र गाठ मारते, सोडीत नाही. सोडण्याचे काम अजून माणसाच्या हातात आहे. म्हणून ज्यांच्या गोठ्यात अशी गाठ येते त्यांनी एवढे जरूर करावे: गाठीजवळच सुतळी कापावी, म्हणजे ती एका लांब धाग्याने सबंध निघून येते, मधे कापून तुकडे करू नयेत. दर गठ्ठ्यामागे दोन सुतळ्या हातात आल्या की नाही त्या मोजाव्यात, आणि खुंटीला टांगून ठेवाव्यात. दिवाळीचा पहिला दिवा आपण वसुबारसेला गाईवासरासमोर लावतो. त्या संध्याकाळी तिच्यापुढे वैरण टाकताना ओवाळण्याआधी या दोन सुतळ्या मोजल्या, तर तीही पूजाच होईल.